कार्य, ऊर्जा, शक्ती आणि संवेग : विहिरीवरील मोटारपंपाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात ओलिताचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : विहिरीवर किती अश्वशक्तीची मोटार आहे? जोडणी अश्वशक्तीवर मिळते, मीटर मात्र युनिट मोजतो आणि पिकाला हवे असते पाणी. अश्वशक्ती, युनिट आणि पाणी या तीन वेगवेगळ्या राशी आहेत. शालेय विज्ञानात 'कार्य, ऊर्जा व शक्ती' या प्रकरणात त्यांची ओळख होते. परंतु परीक्षेनंतर ती सूत्रे वहीतच राहतात. मोटार बदलताना, पाइप निवडताना किंवा सौरपंप घेताना हीच सूत्रे शेतकऱ्याच्या उपयोगी पडतात.

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या या जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरातून झिरपते. त्यामुळे विहिरीचे झरे सावकाश भरतात. कापसानंतर हरभरा किंवा गहू घ्यायचा असल्यास हे मर्यादित पाणी मर्यादित वेळेत उपसावे लागते. पुढील सर्व हिशेब याच परिस्थितीचा आहे.

कार्य म्हणजे काय?

व्यवहारात कष्टाला काम म्हणतात. भौतिकशास्त्रात मात्र बल लावल्यानंतर त्या बलाच्या दिशेने वस्तूचे विस्थापन झाले तरच कार्य घडले, असे मानतात. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. १ न्यूटन बलाने वस्तू १ मीटर सरकली तर १ ज्यूल कार्य होते.

पूर्वीच्या मोटेचे उदाहरण घेता येईल. मोटेत १०० लिटर पाणी असून ते १० मीटर वर आणावयाचे असेल, तर पाण्यावर होणारे कार्य १०० × ९.८ × १० म्हणजे ९,८०० ज्यूल होय. येथे ९.८ हे गुरुत्व त्वरणाचे मूल्य आहे. बैल धावेवर मध्येच थांबले आणि भरलेली मोट नुसती तोलून धरली, तर त्यांचे स्नायू थकतात, परंतु मोट वर सरकत नसल्यामुळे पाण्यावरील कार्य शून्य ठरते. कष्ट आणि कार्य यांतील भेद तो हाच.

ऊर्जा : बिलावरील युनिट

कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. तिचे एककही ज्यूलच आहे. वर आणलेल्या पाण्यात उंचीमुळे स्थितिज ऊर्जा साठते, तर वाहत्या पाण्यात वेगामुळे गतिज ऊर्जा असते. वीजबिलावरील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल.

एक एकर शेतात ५ सेंटिमीटर जाडीच्या थराइतके पाणी द्यावयाचे आहे असे समजू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावरून लागणारे पाणी सुमारे २ लाख २ हजार लिटर होते. विहिरीतील पाण्याची पातळी १३ मीटर खाली असेल, तर हे पाणी केवळ जमिनीपर्यंत आणण्याचे कार्य सुमारे २५७ लाख ज्यूल, म्हणजे ७ युनिटांहून किंचित अधिक भरते.

प्रत्यक्षात मीटर यापेक्षा पुष्कळ अधिक फिरतो. समजा, शेतापर्यंतचा पाइप ३०० मीटर लांब व ७५ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्यातून सेकंदाला साडेपाच-पावणेसहा लिटर पाणी वाहताना घर्षणामुळे सुमारे ७ मीटर उंचीइतका बोजा वाढतो. पंपाला १३ मीटर नव्हे, तर २० मीटर उंचीचे काम पडते. त्यातही मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के व पंपाची ५० टक्के धरली, तर दोघांची मिळून ४० टक्के होते. या हिशेबाने एका एकराला साधारण साडेसत्तावीस युनिट लागतात. उरलेली २० युनिटे नाहीशी होत नाहीत. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमानुसार ती मोटारीच्या, पंपातील आणि पाइपातील उष्णतेत रूपांतरित होतात, मात्र पिकाच्या उपयोगी पडत नाहीत.

हाच हिशेब आणखी मागे नेता येतो. जिल्ह्याच्या पूर्वेस वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. औष्णिक वीज केंद्रात कोळशातील १०० भाग उष्णतेपासून साधारण ३५ भाग वीज मिळते. वहनात व वितरणात १५ टक्के घट धरली, तर शेतापर्यंत सुमारे ३० भाग येतात. त्यांपैकी पाणी प्रत्यक्ष वर उचलण्याच्या कामी जेमतेम ८ भाग लागतात.

शक्ती : काम किती वेळात?

कार्य करण्याच्या दरास शक्ती म्हणतात. एका सेकंदात १ ज्यूल कार्य झाले, तर शक्ती १ वॅट असते. स्कॉटिश अभियंता जेम्स वॉट याने वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्यांशी करता यावी म्हणून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे माप ठरविले. हीच अश्वशक्ती. ती ७४६ वॅटइतकी आहे. वर उल्लेखिलेली मोट बैलांनी अर्ध्या मिनिटात वर आणली, तर त्या वेळची शक्ती सुमारे ३२७ वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून कमी होते. मोट रिकामी करून पुन्हा खाली सोडण्याचा वेळ धरला, तर सरासरी आणखी उतरते.

मोटारीवर लिहिलेली अश्वशक्ती ही तिच्या फिरत्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते. ३ अश्वशक्तीची मोटार दांड्यावर सुमारे २.२४ किलोवॅट देते आणि त्यासाठी २.८ किलोवॅट वीज घेते. वरील परिस्थितीत ती सेकंदाला ५.७ लिटर पाणी देईल. एका एकरासाठी तिला पावणेदहा ते दहा तास लागतील. कृषी वाहिन्यांवर थ्री फेज वीज अनेक वर्षे दिवसा किंवा रात्री आळीपाळीने सुमारे आठच तास मिळत आली आहे. म्हणजे एका पाळीत एक एकरही ओलीत होत नाही. मोठी मोटार बसविण्याची इच्छा येथेच निर्माण होते.

अश्वशक्ती वाढविल्याने काय होते?

३ ऐवजी ५ अश्वशक्तीची मोटार बसविली म्हणजे शक्ती ६७ टक्क्यांनी वाढली. पाणीही तेवढेच वाढेल, ही अपेक्षा मात्र चुकीची ठरते. पाइप तोच असेल तर घर्षणाचा बोजा पाण्याच्या प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दीडपट झाला तर घर्षण सव्वादोनपट होते. कार्यक्षमता तीच धरून हिशेब केला असता सेकंदाला ५.७ ऐवजी सुमारे साडेसात लिटर पाणी मिळते. वाढ केवळ ३२ टक्के! एकराला लागणारा वेळ साडेसात तासांवर येतो, परंतु वीज साडेसत्तावीस ऐवजी ३५ युनिट खर्च होते.

शिवाय विहीर लवकर उपसली जाते. झऱ्याचा वेग मोटारीच्या अश्वशक्तीवर अवलंबून नसतो. पातळी जसजशी खाली जाते तसतशी उंची वाढते व प्रत्येक लिटरमागील कार्यही वाढते. अखेर पंप हवा ओढू लागतो.

उलट मोटार ३ अश्वशक्तीचीच ठेवून पाइप ७५ ऐवजी ९० मिलिमीटरचा घेतला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाचा बोजा ७ मीटरवरून पावणेतीन मीटरच्या आसपास उतरतो. एकूण उंची २० ऐवजी १६ मीटरच्या आत येते. जुळणारा पंप असल्यास वीज सुमारे पाचव्या हिश्श्याने वाचते किंवा तेवढ्याच वेळात पाणी अधिक मिळते.

ठिबक सिंचनाचा विचारही याच सूत्राने करता येतो. ठिबकामुळे पाणी निम्मे लागले, तर वस्तुमान निम्मे होते. परंतु ठिबकाच्या संचाला सुमारे १ किलो दाब, म्हणजे आणखी १० मीटर उंची द्यावी लागते. २० ऐवजी ३० मीटर धरल्यास ऊर्जेची बचत निम्मी न होता चौथाई होते. पाण्याची बचत मात्र पूर्ण निम्मी असते आणि उथळ विहिरीवर तीच अधिक मोलाची ठरते.

संवेग : पाइप का फुटतो?

वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. ३०० मीटर लांब, ७५ मिलिमीटर पाइपात सुमारे १,३२५ किलो पाणी मावते. ते सेकंदाला १.३ मीटर वेगाने चालले असता त्याची गतिज ऊर्जा ११०० ज्यूलच्या आसपास, म्हणजे अगदी थोडी असते. संवेग मात्र सुमारे १,७०० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद भरतो.

न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार संवेगातील बदलाला लागलेल्या वेळेने भागले म्हणजे बल मिळते. कॉक हळूहळू दहा सेकंदांत बंद केला तर सरासरी बल १७० न्यूटन, म्हणजे १७ किलो वजनाइतके होते. तोच कॉक एका सेकंदात बंद केला तर बल दहापट होते आणि पाइपात सुमारे ४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब निर्माण होतो. पंपाच्या नेहमीच्या दाबात ही भर पडते. ४ किलो दाबाच्या क्षमतेचा पीव्हीसी पाइप असेल, तर तो सांध्यावर सुटणे किंवा फुटणे साहजिक आहे.

वीज अचानक गेली तरी धोका असतो. मोटार थांबते, पाइपातील पाणी क्षणभर पुढे जाऊन परत फिरते आणि उलट वाहू लागल्यावर झडप आदळून बंद होते. म्हणूनच कॉक सावकाश फिरवावा, वीज येताच कॉक पूर्ण उघडा ठेवून मोटार सुरू करू नये आणि चांगल्या प्रतीचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, असे सांगितले जाते.

बदलत्या धोरणात जुना नियम

राज्यात २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेद्वारे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल माफ करण्यात आले. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये हाती घेण्यात आला. बिल शून्य झाल्यामुळे युनिटाकडे लक्ष जाण्याचे कारण उरत नाही. परंतु विजेचे तास आणि विहिरीतील पाणी मर्यादितच राहतात.

सौरपंपालाही हेच नियम लागू आहेत. ३ किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या पाच तासांइतके चालले, तर दिवसाला सुमारे १५ युनिट देते. वरील उदाहरणातील एका एकराला साडेसत्तावीस युनिट लागतात. म्हणजे एक एकर दोन दिवसांत ओलीत होईल. ढगाळ हवामानात त्याहून अधिक दिवस लागतील.

हे आकडे एका ठरावीक उदाहरणाचे असून विहिरीची खोली, पाइपाची लांबी आणि पंपाची अवस्था यांनुसार ते बदलतील. सूत्रे मात्र बदलणार नाहीत. नवी मोटार घेण्यापूर्वी पाण्याची पातळी, पाइपाचा व्यास व लांबी आणि विहीर पुन्हा भरण्यास लागणारा वेळ या गोष्टी मोजून घ्याव्यात. त्यांवरून किती अश्वशक्ती आवश्यक आहे, हे ठरविता येते.