आजारी ससा कुणाला दिसला? मिक्सोमॅटोसिस आणि शिकाऱ्यांची साक्ष

पर्यावरणाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं की एक अडचण लवकरच समोर येते. शेतात, माळावर, जंगलात जे घडलं ते पाहणारे बहुतेक लोक शास्त्रज्ञ नव्हते. ते शेतकरी होते, गुराखी होते, शिकारी होते. त्यांच्या आठवणी आणि नोंदी पुरावा म्हणून घ्यायच्या का? आणि घेतल्या तर वाचायच्या कशा? हा प्रश्न आज आपण एका रोगाच्या इतिहासातून बघू. तो रोग म्हणजे १९५० च्या दशकात युरोपातल्या रानसशांवर आलेला मिक्सोमॅटोसिस.

आधी एक खुलासा. आपल्या माळरानावर दिसतो तो ससा म्हणजे इंग्रजीतला ‘हेअर’. तो बिळं खणत नाही. ही गोष्ट मुख्यतः ‘रॅबिट’ची आहे, म्हणजे जमिनीखाली बिळांचं जाळं करून एकत्र राहणाऱ्या युरोपीय सशाची. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, पण इथे हा फरक महत्त्वाचा आहे.

या रोगाचा विषाणू मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या रानसशाला त्याने एखादी गाठ येते आणि बहुधा तेवढ्यावरच भागतं. पण १८९६ मध्ये मॉन्टेव्हिडिओ इथल्या प्रयोगशाळेत युरोपीय ससे मरू लागले, तेव्हा सानारेल्ली या इटालियन वैज्ञानिकाने हा रोग प्रथम नोंदवला. युरोपीय सशाच्या पापण्या सुजतात, डोळे चिकटतात, कानांच्या मुळाशी आणि गुदद्वाराभोवती सूज येते. आंधळा झालेला ससा उघड्यावर नुसता बसून राहतो, माणूस जवळ गेला तरी पळत नाही. मूळ जहाल विषाणूने शंभरातले नव्याण्णव ससे दोन आठवड्यांच्या आत मरत. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १९५० मध्ये शेतीचा नाश करणाऱ्या सशांवर तो मुद्दाम सोडला.

युरोपात तो पसरला एका माणसामुळे. आर्माँ-दलील हे फ्रान्समधले निवृत्त डॉक्टर. पॅरिसच्या पश्चिमेला मेलबुआ इथे त्यांची भिंतीने वेढलेली जमीनदारी होती आणि तिथे सशांचा सुळसुळाट झाला होता. १४ जून १९५२ रोजी त्यांनी लोझानहून मागवलेला विषाणू दोन सशांना टोचला आणि ते आवारात सोडून दिले. त्यांचे ससे तर मेलेच, पण रोग भिंतीच्या आत थांबला नाही. काही महिन्यांत दूरदूरच्या शेतांत मेलेले ससे सापडू लागले. फ्रेंच शिकाऱ्यांसाठी ससा ही सर्वसामान्य माणसाची शिकार होती, त्यामुळे ते खवळले. शेतकरी आणि वनखात्यातले लोक मात्र खूश होते. डॉक्टरांना १९५५ मध्ये न्यायालयाने ५,००० फ्रँक दंड केला आणि पुढच्याच वर्षी त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवण्यात आलं! मेलेला ससा सगळ्यांनी तोच पाहिला होता, पण शिकाऱ्याच्या लेखी ते नुकसान होतं आणि वनाधिकाऱ्याच्या लेखी वाचलेलं रोप.

ब्रिटनमध्ये रोग १९५३ च्या शरद ऋतूत केंट परगण्यात एडनब्रिजजवळ सापडला. तारेच्या जाळ्या लावून तो अडवायचा प्रयत्न झाला, तो फसला. काही शेतकरी तर आजारी ससे उचलून आपल्या शेतात नेऊन सोडत. १९५४ च्या पेस्ट्स अ‍ॅक्टने असं मुद्दाम पसरवणं गुन्हा ठरवलं. तरीही १९५५ संपेपर्यंत ब्रिटनमधले बहुतांश ससे मेले होते. सापळे लावून ससे विकणाऱ्यांचा धंदा बसला. पिकं सुधारली. रस्त्याकडेला बसलेले आंधळे ससे पाहून लोकांनी सशाचं मटण खाणं सोडलं.

आता मुद्द्यावर येऊ. अशा काळातली शिकाऱ्याची साक्ष वाचताना मी तीन प्रश्न विचारते.

पहिला, या माणसाच्या हाताला काय लागत होतं? ऑस्ट्रेलियात रोग पसरवणारे मुख्यतः डास होते. ब्रिटनमध्ये ते काम सशाच्या पिसवांनी केलं. या पिसवा सशाच्या कानांवर गर्दी करतात. रोज ससे हाताळणाऱ्या रखवालदाराला त्या माहीत असणारच, ‘वाहक’ हा शब्द त्याला माहीत नसला तरी. याची उलट बाजू वेल्सच्या स्कोकहोम बेटावर दिसली. १९३० च्या दशकात तिथे विषाणू सोडला, पण रोग पसरलाच नाही. नंतर कारण कळलं: त्या बेटावरच्या सशांना पिसवाच नव्हत्या.

दुसरा, त्याला काय दिसू शकत होतं? फ्रँक फेनर या ऑस्ट्रेलियन विषाणुतज्ज्ञाने विषाणूंची जहालपणानुसार प्रतवारी केली. पहिल्या प्रतीचा विषाणू सशाला तेरा दिवसांच्या आत मारतो. तिसऱ्या प्रतीचा ससा १७ ते २८ दिवस जगतो आणि ७० ते ९५ टक्के ससे मरतात. ससा जितके दिवस आजारी राहील तितक्या जास्त पिसवा किंवा डास त्याच्यावरून दुसऱ्या सशाकडे जाणार. म्हणून मध्यम जहाल विषाणू टिकले. १९६२ मध्ये ब्रिटनच्या ८० काउंट्यांमधून गोळा केलेल्या २२२ नमुन्यांत तिसऱ्या प्रतीचेच सर्वाधिक निघाले. सशांमध्येही पिढ्यांगणिक प्रतिकारशक्ती वाढत होती.

यावरून मी काढलेला निष्कर्ष असा: सौम्य विषाणूचा आजारी ससा जास्त दिवस उघड्यावर बसतो, म्हणजे तो माणसाला दिसायची शक्यताही जास्त. समजा एखादा शिकारी म्हणाला, “हल्ली आजारी ससे फार दिसतात, रोग वाढलाय.” त्याने पाहिलेलं खरं असू शकतं आणि काढलेला अर्थ चुकीचा. दिसणं वाढलं, कारण मरणं लांबलं. साक्ष खोटी म्हणून टाकून दिली तर विषाणूच्या बदलाची एक खूण आपण गमावतो, आणि जशीच्या तशी घेतली तर इतिहास उलटा लिहितो.

तिसरा, त्याने काय मोजलं? मोठ्या इस्टेटींवर शिकारीच्या वह्या असत. अमुक दिवशी इतके तितर, इतके ससे. हे आकडे पाहिले की आलेख काढायचा मोह होतो. पण वहीत असतात ते मारलेले ससे, जिवंत सशांची संख्या नव्हे. रोगानंतर आकडा घसरला तो ससे मेले म्हणून, की सुजलेला ससा कुणाला मारावासा आणि खावासा वाटेना म्हणून? दोन्ही कारणं एकाच रकान्यात मिसळलेली असतात. ती सोडवायला वहीबाहेरचा पुरावा लागतो: बाजारातले भाव, पिकांच्या नोंदी, गवताची उंची, सशांवर जगणाऱ्या बझर्ड पक्ष्यांची पिल्लं. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये बझर्डची वीण खूपच घटल्याचं दिसलं. शिकारवहीशी काहीही संबंध नसलेली ही स्वतंत्र साक्ष आहे.

ही फक्त जुनी गोष्ट नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण स्पेनच्या शेतांत सुजलेल्या डोळ्यांचे, दिशाहीन फिरणारे ससे दिसू लागले. पण हे रॅबिट नव्हते, हेअर होते, ज्यांच्यात हा रोग तोवर क्वचितच आढळायचा. प्रयोगशाळेत कळलं की दुसऱ्या पॉक्सविषाणूचा तुकडा जोडला जाऊन नवा मिक्सोमा विषाणू तयार झाला होता. ‘हा ससा नेहमीसारखा नाही’ हे ओळखायला मात्र रोज शेतात फिरणारा माणूसच लागतो.

आपल्याकडेही असं साहित्य आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८८६ पासून शिकाऱ्यांची टिपणं छापली गेली. त्यावर काम करणार असाल तर हे तीन प्रश्न सोबत ठेवा, आणि चौथा स्वतःचा जोडा: टिपण साहेबाने लिहिलं, पण माग कुणी काढून दिला? त्या माणसाने काय पाहिलं हे वहीत नसेल, तर ते आणखी कुठे सापडेल याची यादी संशोधनाच्या पहिल्याच आठवड्यात करायला घ्या.