नाशकाचा हिरा आणि सिमेट्रीचे मार्क

हिऱ्याचे चार 'सी' आता जाहिरातींमुळे सगळ्यांना पाठ आहेत: कॅरेट, कलर, क्लॅरिटी, कट. पण हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर आणखी दोन ओळी असतात. एक पॉलिश, दुसरी सिमेट्री. प्रत्येकीपुढे एकच शेरा: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर किंवा पुअर. आमच्या टीममधल्या तिघांनी यंदा साखरपुड्याच्या अंगठ्या घेतल्या आणि तिघांनीही 'ट्रिपल एक्सलंट' हा शब्द अप्रेझलचं रेटिंग सांगावं तसा सांगितला. (कट, पॉलिश आणि सिमेट्री, तिन्हीत एक्सलंट.) रेटिंग म्हटलं की आपल्या जमातीला पुढचा प्रश्न पडतोच. हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

आधी 'कशावरून' बघू. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं आणि हिरा निरखायचा. पॉलिश म्हणजे प्रत्येक पैलूचा पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे. त्यावर चाकाच्या बारीक समांतर रेघा दिसतात का, घासताना जास्त तापून धुरकट डाग पडलाय का, कडेला टवका, ओरखडा किंवा खड्डा आहे का. हिऱ्याची गंमत अशी की तो सगळ्या दिशांना सारखा कठीण नसतो. लाकडाला जशी रेषा असते तशी यालाही असते. कारागिराने चुकीच्या दिशेने घासलं तर पैलू नीट उतरत नाही.

सिमेट्री म्हणजे पैलूंचा एकमेकांशी ताळमेळ. वरचा सपाट भाग (टेबल) मधोमध आहे का? खालचं टोक बरोबर त्याच्या मध्याखाली येतं का? गोल हिरा खरंच गोल आहे की किंचित अंडाकृती? वरचे पैलू खालच्यांशी जुळतात का? कुठे एखादा पैलू जास्तीचा तर नाही? नेहमीच्या गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात, खालचं टोक घासून सपाट केलं तर ५८. एवढ्या पैलूंची घडी इतक्या छोट्या खड्यात बसवायची.

एक्सलंट म्हणजे दहा पट भिंगातूनही दोष जेमतेम सापडतो. व्हेरी गुड म्हणजे भिंगातून बघायलाही थोडे कष्ट पडतात. गुडमध्ये भिंगाखाली दोष सहज दिसतो, आणि पुअर असेल तर नुसत्या डोळ्यांनाही. थोडक्यात, पहिल्या दोन श्रेणींमधला फरक बोटातल्या अंगठीत कुणालाच दिसत नाही. बिलात मात्र दिसतो :)

आता 'कोण ठरवतं'. ही शेऱ्यांची भाषा जगभर रुजवली ती जीआयए या अमेरिकन संस्थेने. रॉबर्ट शिप्ली यांनी ती १९३१ मध्ये सुरू केली आणि १९५० च्या दशकात तिचे हिऱ्यांचे रिपोर्ट निघू लागले. त्यामागची 'आदर्श' हिऱ्याची कल्पना त्याहून थोडी जुनी आहे आणि ती मांडणारा चक्क इंजिनियर होता. मार्सेल टोल्कोव्स्की, अँटवर्पच्या हिरे कापणाऱ्या घराण्यातला मुलगा, लंडनला शिकलेला. १९१९ मध्ये, विशीच्या आसपास असताना, त्याने 'डायमंड डिझाइन' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन वरूनच बाहेर पडावा यासाठी कोन किती हवेत, याचं गणित त्यात आहे. वरचा कोन ३४.५ अंश, खालचा ४०.७५ अंश, टेबलची रुंदी व्यासाच्या ५३ टक्के. आजचे निकष त्या आकड्यांना जसेच्या तसे चिकटून नाहीत, पण 'चांगला हिरा म्हणजे प्रकाश नीट परत फेकणारा हिरा' ही व्याख्या तेव्हा पक्की झाली.

व्याख्या म्हणजे आपल्या भाषेत रिक्वायरमेंट. आणि रिक्वायरमेंट बदलली की कालचा उत्तम कोड आज भंगार ठरतो. हे महाराष्ट्रातल्या एका हिऱ्याच्या बाबतीत अक्षरशः घडलंय. जगात तो 'नासक डायमंड' म्हणून ओळखला जातो. नासक म्हणजे आपलं नाशिक, इंग्रजी स्पेलिंगमधून गाळून आलेलं.

हा हिरा गोवळकोंड्याच्या खाणीतला. भारतातच पैलू पाडलेला आणि परंपरेप्रमाणे त्र्यंबकेश्वराला वाहिलेला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८१८ च्या सुमारास, पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावाकडचा हा हिरा कर्नल ब्रिग्जच्या हातून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे, म्हणजे पर्यायाने कंपनीकडे गेला. तेव्हा त्याचं वजन जवळजवळ ९० कॅरेट होतं. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांना तो मोठा वाटला, स्वच्छ वाटला, पण घडण मात्र ओबडधोबड वाटली. तिथल्या जाणकारांचं मत थोडक्यात असं की दगड उत्तम, कारागीर सामान्य.

खरंच सामान्य होता का? इथे थोडं मागे जावं लागेल.

रत्नपरीक्षेचे आपले ग्रंथ फार जुने आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्यावर प्रकरण आहे, आणि बुद्धभट्टाच्या 'रत्नपरीक्षे'त उत्तम हिऱ्याचं वर्णन चेकलिस्टसारखं आहे: सहा टोकं, आठ सारखे पृष्ठभाग, बारा सरळ धारदार कडा. भूमितीच्या पुस्तकात हा आकार अष्टफलक म्हणून भेटतो, आणि हिऱ्याचा नैसर्गिक स्फटिक बहुधा याच आकाराचा असतो. म्हणजे सिमेट्रीला मार्क आपल्याकडेही होते, फक्त ते निसर्गाला होते, कारागिराला नव्हते. घासून झिजवलेल्या हिऱ्याचा गुण जातो असाही एक सूर जुन्या ग्रंथांत आहे.

सतराव्या शतकात टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या खाणींवर आला. त्याची निरीक्षणं एखाद्या ऑडिट रिपोर्टसारखी आहेत. खडा स्वच्छ असेल तर इथले कारागीर त्याला वरखाली नुसता चाकाचा हात लावतात, आकार द्यायच्या फंदात पडत नाहीत, कारण वजन घटेल. खड्यात डाग असेल तर मात्र त्यावर भरपूर छोटे पैलू पाडतात, म्हणजे डाग लपतो. युरोपसारखी झळाळी इथे येत नाही हेही त्याने नोंदवलंय, आणि दोष कारागिराच्या हाताला न देता चाकाला दिलाय: इथलं चाक तितकं एकसारखं फिरत नाही. आजच्या शब्दांत सांगायचं तर पॉलिशचे मार्क मशीनमुळे गेले, सिमेट्रीचे मार्क पॉलिसीमुळे.

ही पॉलिसी किती कडक होती याचा किस्साही त्यानेच सांगितलाय. मुघलांच्या एका प्रचंड हिऱ्याचं काम होर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराकडे दिलं होतं. त्याने घासून घासून वजन एवढं घालवलं की बादशहाने मजुरी देणं राहिलं बाजूला, उलट त्याला दहा हजार रुपये दंड केला. बोर्जिओचा 'कट' आजच्या लॅबला कदाचित पसंत पडला असता, नसताही. दरबारात मात्र केपीआय एकच होता, वजन.

आमच्या रोडपालीला लागूनच कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. तिथे सळ्या आणि पत्र्यांच्या ट्रकचा निकाल वजनकाट्यावर लागतो. गोवळकोंड्याचा हिरेबाजार या बाबतीत आपल्या लोखंड बाजाराच्या बराच जवळचा होता, आणि त्यात मागासलेपण काही नव्हतं. हिरा हे तेव्हा खजिन्यात ठेवायचं, नजराणा म्हणून द्यायचं, देवाला वाहायचं धन होतं. जे धन म्हणून ठेवायचं ते कोण उगाच झिजवेल?

पुन्हा नाशकाच्या हिऱ्याकडे. रंडेल अँड ब्रिजने त्याला नव्याने पैलू पाडून घेतले, पण भारतीय कारागिराच्या मूळ आकाराचा माग शक्यतो न सोडता. वजन ८९.७५ वरून ७८.६२५ कॅरेटवर आलं, म्हणजे सुमारे १२ टक्के घट. इंग्रज जवाहिऱ्यांनीही जपूनच हात चालवला होता. पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या तलवारीच्या मुठीत बसला.

मधल्या काळात आणखी एक मोठं ऑपरेशन झालं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोहिनूर बघायला झुंबड उडाली आणि लोक हिरमुसून परतले. चमकतच नाही म्हणे! १८५२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमहून कारागीर आणून, वाफेच्या इंजिनावर चाक चालवून, ३८ दिवसांत तो नव्याने कापला. आजच्या मापात १९१ कॅरेटचा हिरा १०५.६ वर आला. पुढे १८७० च्या दशकात बोस्टनमध्ये हेन्री मोर्सच्या कारखान्यात हिरा यंत्रावर गोल करायला सुरुवात झाली. विसाव्या शतकात टोल्कोव्स्कीचं गणित आलं. चाक एकसारखं फिरू लागलं, कोन मोजता येऊ लागले, आणि मग जे मोजता येतं तेच चांगलं ठरू लागलं.

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने पॅरिसमध्ये नाशकाचा हिरा विकत घेतला. तेव्हा त्याचं वजन ८०.५९ कॅरेट होतं. (वाढलं कसं? वाढलं नाही. लंडनचा जुना कॅरेट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा होता, मेट्रिक कॅरेट बरोबर २०० चा. युनिट कन्व्हर्जन!) विन्स्टनने या वेळी जुन्या आकाराची भीड ठेवली नाही. चौकोनी, कापलेल्या कोपऱ्यांचा, पायऱ्यापायऱ्यांचा 'एमरल्ड कट' केला आणि वजन उरलं ४३.३८ कॅरेट. एका फटक्यात ४६ टक्के गेलं. त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या हिऱ्याचा आता निम्म्याहून कमी भाग शिल्लक आहे, पावणेनऊ ग्रॅमच्या आत.

यातली मेख पुढे आहे. जीआयएने २००५ मध्ये जाहीर करून २००६ पासून कटची एकत्रित श्रेणी द्यायला सुरुवात केली, ती गोल ब्रिलियंटसाठी. एमरल्ड कटसारख्या आकारांना 'उत्तम कट'चं असं एकमताचं सूत्र तेव्हा बसवता आलं नाही, म्हणून त्यांच्या रिपोर्टवर घडणीबद्दल शेरे राहिले ते दोनच, पॉलिश आणि सिमेट्री. ज्या आकारासाठी नाशकाच्या हिऱ्याने ३७ कॅरेट गमावले, त्या आकारात 'आदर्श' म्हणजे नेमकं काय याचं उत्तर मार्क देणाऱ्यांकडेही नव्हतं.

याचा अर्थ श्रेणी फालतू आहेत असं मुळीच नाही. दोनशे किलोमीटरवरचा गिऱ्हाईक न बघता हिरा घेऊ शकतो तो या सामाईक भाषेमुळेच. उद्योगातले लोक सांगतात की जगातल्या दहातल्या नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात. सुरतेच्या कारखान्यांत 'घंटी'भोवती बसलेले कारागीर आणि हिऱ्याचं थ्रीडी स्कॅन करून कुठे कापायचं ते सुचवणारी सॉफ्टवेअर्स मिळून हे एक्सलंट शेरे मिळवतात. गंमत म्हणजे त्या सॉफ्टवेअरलाही जुना पेच सुटलेला नाही. श्रेणी एक पायरी खाली आली तरी चालेल पण वजन एक कॅरेटच्या वर राहू दे, हा हिशोब ते रोज करतं. गोवळकोंड्याचा कारागीर हाच हिशोब डोक्यात करायचा.

तेव्हा अंगठी घेताना दोन ओळी जरूर वाचा. व्हेरी गुड दिसलं तर घाबरू नका, गुडच्या खाली दिसलं तर भिंग मागा.

आणि नाशकाचा हिरा परत आणा अशी मागणी अधूनमधून होते, ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विकला गेलेला हा हिरा उद्या खरंच त्र्यंबकेश्वरी आला, तरी पूर्वीच्या भाविकांनी पाहिलेला तो खडा नसेल. इंग्रजांनी नेला तो परत मागता येईल. घासून गेला तो कुणाकडे मागायचा?