मॅरेथॉनचं मूळ एका माफीनाम्यात

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लुशियन या ग्रीक लेखकाची सकाळी सकाळी फजिती झाली. बड्या आश्रयदात्याला 'आनंदात असा' म्हणायचं, तर तोंडातून गेलं 'प्रकृतीला जपा'. ते संध्याकाळी म्हणायचं! सारवासारवीसाठी त्याने अख्खा निबंध लिहिला. 'आनंदात असा' ही रीत कुठून आली हे सांगताना त्याने दाखला दिला : फिलिप्पिडीस मॅरेथॉनहून विजयाची बातमी घेऊन आला, 'आनंद करा, आपण जिंकलो' म्हणाला आणि गतप्राण झाला. धावणारा, हे नाव आणि हा मृत्यू असं त्रिकूट आपल्याला पहिल्यांदा भेटतं ते या माफीनाम्यात. इराण्यांशी लढाई झाली इ.स.पू. ४९० मध्ये. मधे साडेसहाशे वर्षं!

इतिहासकार हिरोडोटस लढाईनंतर थोड्याच वर्षांत जन्मला. त्याचा फिलिप्पिडीस पेशाने धावता जासूद आहे, पण तो धावतो लढाईच्या आधी, कुमक मागायला, अथेन्सहून स्पार्टाला. सुमारे २४० किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी हजर! स्पार्टावाले म्हणाले, पौर्णिमेआधी निघता येत नाही. वाटेत तेगेआच्या डोंगरात त्याला पॅन देवाने हाक मारली, अथेन्सवाले मला विचारत नाहीत अशी तक्रार केली. पुढे अ‍ॅक्रोपोलिसच्या कुशीत पॅनचं देवस्थान झालं. देवाचा रुसवाही न सोडणारा हा गोष्टीवेल्हाळ माणूस असा नाट्यमय मृत्यू गाळेल? छे.

प्लुटार्क लुशियनच्या आधीचा. त्याच्याकडे मरणारा धावक आहे, पण नावं वेगळी : कुणी थेर्सिप्पस म्हणतं, बहुतेक जण युक्लीस. आणि हा गडी रणांगणातून थेट, शस्त्रांसकट धावतो. माझं घोडं इथेच अडतं. अथेन्सकडे पगारी जासूद असताना ढाल-चिलखताचं ओझं घेऊन निरोप कोण नेईल? हिरोडोटस सांगतो की इराणी जहाजं सूनिअनच्या भूशिराला वळसा घालून अथेन्सवर निघाली, तेव्हा अथेन्सचा सेनापती मिल्टियाडीस याची सगळी फौजच पायांत होतं नव्हतं तेवढं बळ लावून शहराकडे परतली. माझ्या मते युक्लीस म्हणजे ती फौजच, लोकांच्या आठवणीत एका माणसाएवढी झालेली. विजयाची वार्ता कुणीतरी नेलीच असणार, हा आक्षेप रास्त आहे; पण त्यासाठी चिलखत लागत नाही. लुशियनला नामांकित नाव हवं होतं, त्याने स्पार्टाला गेलेल्या जासुदाचं उचललं.

पुढचं सर्वश्रुत आहे. १८७९ मध्ये ब्राउनिंगने कवितेत दोन्ही धावा एकाच माणसाच्या नावावर केल्या. ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन शर्यतीची कल्पना काढून चषक देऊ केला मिशेल ब्रेआलने, आणि हा गृहस्थ खेळाडू नव्हे, भाषापंडित! अर्थविज्ञानावरचा त्याचा ग्रंथ १८९७ चा. त्याच्या आदल्याच वर्षी स्पिरिडॉन लुईस या धावपटूने अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्रेआलचा चषक जिंकला. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचं, १९२१ मध्ये कायम झालेलं.

हिरोडोटसवर भरवसा असणाऱ्यांसाठी १९८३ पासून स्पार्टाथ्लॉन आहे : अथेन्स ते स्पार्टा, २४६ किलोमीटर, मुदत ३६ तास.