सीमाभागातले कॉलेजप्रेम : १९८० ते १९९०

ऐंशीच्या दशकात बिदर जिल्ह्याच्या मराठी पट्ट्यात कॉलेजात जमलेले प्रेम फार सावकाश पुढे सरके. ओळख व्हायला एक वर्ष आणि पहिल्या पत्राला दुसरे, असा साधारण वेग. पुढे आठवणी सांगताना याचे श्रेय त्या पिढीच्या लाजाळूपणाला दिले जाते. लाज होतीच, पण कॉलेज किती लांब, गाडी किती वाजता आणि पत्र कोणाच्या हाती पडणार, या तीन गोष्टींनी तो वेग अधिक ठरवला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचा प्रदेश विभागला गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण आणि औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यात आले. हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीसारख्या गावातून मराठी शाळा शिकून निघालेल्या मुलासमोर त्यामुळे दोन वाटा असत. बिदर, भालकी किंवा गुलबर्ग्याला जावे, तर शिकवणे कानडीत किंवा इंग्रजीत. तिथली कॉलेजे आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती, १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ झाले. कानडीला पहिले स्थान मिळावे म्हणून झालेल्या गोकाक आंदोलनानंतर कानडीचा आग्रह आणखी वाढला. दुसरी वाट सीमेपलीकडची : उदगीरचे महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय (१९६२), लातूरचे दयानंद (१९६१) किंवा राजर्षी शाहू (१९७०). भालकीहून कमलनगरमार्गे उदगीरला रेल्वे होती. हुमनाबादला तेव्हा रेल्वे नव्हती. सगळा भार बसवर.

मुलींची वाट याहून अरुंद. १९८१ च्या जनगणनेत देशातल्या सात वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्केच साक्षर होत्या, आणि हा सीमाभाग तर शिक्षणात मागासलेला म्हणूनच ओळखला जाई. जिथे मावशी, आत्या किंवा मुलींचे वसतिगृह असेल त्याच गावच्या कॉलेजात मुलीचे नाव घातले जाई. वर्गात मुली मोजक्या. अनेक ठिकाणी त्या तासाआधी लेडीज रूममध्ये थांबत, प्राध्यापकांच्या मागोमाग वर्गात शिरत, पुढच्या बाकांवर बसत आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर पडत. मुलांनी तीन वर्षे पाहिल्या त्या बहुतेक वेण्याच.

बोलायला निमित्त लागे, आणि सगळ्यांत भरवशाचे निमित्त म्हणजे नोट्सची वही. वही मागणे हा अभ्यासाचा भाग असल्याने त्याला कोणी हरकत घेत नसे. ती परत करताना आत काही ठेवायचे की नाही, हा मात्र महिनोन्महिने चालणारा विचार. चिठ्ठी ठेवलीच, तर तिच्यावर नाव नसे. उत्तर म्हणून पुढच्या वेळी वही चिठ्ठीविनाच हाती येई, किंवा श्रावणात सरळ राखी पुढे केली जाई. नकार देण्याची ही पद्धत मुलींच्या फार उपयोगी पडली. त्यात कोणाचा पाणउतारा होत नसे आणि विषयही कायमचा मिटे.

वर्षातून एकदा गॅदरिंग येई. त्यातले शेलापागोटे, म्हणजे फिशपॉन्ड, ही या प्रेमाची जाहीर बाजू. पेटीत निनावी चिठ्ठ्या पडत, प्राध्यापक त्यांतल्या आक्षेपार्ह बाजूला काढत आणि उरलेल्या मंचावरून वाचल्या जात. ज्याचे नाव निघेल त्याने हसत उठायचे. वर्षभर कोणाशी न बोललेल्या गोष्टीला अख्खे कॉलेज तिथे टाळ्या देई. वसतिगृहावरच्या मुलीला त्याची किंमत मात्र वेगळी मोजावी लागे, कारण गावाकडचे कोणी ना कोणी मंडपात असेच.

सुट्टी लागली की सारा व्यवहार टपालावर येई. १५ पैशांचे पोस्टकार्ड वाटेतला कोणीही वाची, म्हणून आंतरदेशीय पत्र. तेही गावच्या शाखा डाकघरातून जाई, आणि तिथला पोस्टमास्तर बहुधा गावातलाच शिक्षक नाही तर दुकानदार. पाठवणाऱ्याच्या जागी मैत्रिणीचे नाव घालणे ही ठरलेली युक्ती होती. अक्षर ओळखले गेले तर तीही फसे.

भाषेची अडचण मानली जाते तेवढी नव्हती. बिदरच्या घरांत मराठी, कानडी आणि दखनी एकाच ओसरीवर चालत, आणि सीमेपलीकडच्या गावांशी सोयरिकी १९५६ नंतरही तशाच चालू होत्या. नवी सीमा कॉलेजांच्या आणि नोकऱ्यांच्या आड आली, सोयरिकींच्या आड नाही. तिथे जातच आड येई. बाराव्या शतकात याच जिल्ह्यातल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चर्मकार जातीतले शरण हरळय्या यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला, आणि बिज्जळ राजाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायी दिले, अशी परंपरा आहे. त्या वधूवरांना कोणी विचारले होते का, हे परंपरा सांगत नाही. जातीची ती धग या काळातही होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला, त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि प्रश्न सुटायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या सोळा वर्षांत लातूर-उदगीरच्या कॉलेजांत कोण कोणाशेजारी बसतो, याकडे साऱ्यांचे लक्ष असे.

बहुतेक प्रेमांचा शेवट परीक्षेनंतरच्या लग्नसराईत होई. मुलीचे कॉलेज म्हणजे घरच्यांच्या हिशेबी स्थळ मिळेपर्यंतची सोय. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागण्याआधीच तिची हळद झालेली असे. मुलाला नोकरी नसे, त्यामुळे मागणी घालण्याचा प्रश्नच येत नसे. १९७८ च्या दुरुस्तीने लग्नाचे वय मुलीला १८ आणि मुलाला २१ झाले होते. म्हणजे बरोबरीच्या मुलीशी लग्न करायचे तर तिला दोन-तीन वर्षे थोपवून धरावे लागे, तेही घरी काही न सांगता. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) नोंदणी करायची, तर ३० दिवसांची नोटीस कचेरीच्या फलकावर लागे. तालुक्याच्या गावी एवढ्या दिवसांत बातमी घरी पोहोचणारच. ज्यांनी धाडस केले त्यांनी म्हणून देवळात हार घातले आणि हिंदू विवाह कायद्याचा (१९५५) आधार घेतला. नंतर पुणे किंवा हैदराबाद गाठले.

दशक सरता सरता एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा कॉलचा दर पाव होई, तेव्हा मुले रांगा लावत. पण त्या वेळी मुलीला बाहेर पडता येत नसे, आणि घरी फोन असलाच तर तो वडीलच उचलत. त्यामुळे फोन आल्यावरही आणखी काही वर्षे आंतरदेशीय पत्रच चालले.