मातीचे मावळे

मावळातल्या मुलाला किल्ला पुस्तकात शोधावा लागत नाही. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची, मान वर केली की एखादा दिसतोच. तरी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंगणात आणखी एक किल्ला करायचो. विटा रचायच्या, चिखलात भिजवलेले पोते अंथरायचे, बुरूज थापायचे, अळीव पेरायचे. मग बाजारातून मातीचे मावळे यायचे. किल्ला शेजाऱ्यांच्या अंगणात, पण त्यावर दोन मावळे माझे असायचे, ईदीच्या पैशांतून घेतलेले.

हे मावळे कुंभारांचे काम. साच्यात माती दाबायची, दोन अर्धे जोडायचे, वाळवायचे, मग मुंडासे, मिशी, ढाल रंगवायची. मावळा महादरवाजापेक्षा उंच असायचा, पण त्याचे कुणाला काही वाटायचे नाही.

लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक काढले. १९६६ मध्ये ते शिशात ओतणे बंद झाले. दोन्ही सालांची नोंद आहे आणि हौशी लोक ते सैनिक आजही जपतात. आमच्या मातीच्या मावळ्याची जागा प्लास्टर अन् प्लास्टिकने घेतली, तेव्हा कुणी साल लिहून ठेवले नाही. कुंभाराचे नावही नाही.

खऱ्या मावळ्यांचेही तेच झाले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात लोहगड मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये तो परत घेतला. त्या रात्रंदिवस झुंजलेल्या शिपायांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो? थोडी नावे राहिली. सभासद बखरीत पायदळाचा सरनोबत म्हणून नूर बेग येतो. १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात इंग्रजांशी लढताना आरमारावर दौलतखान होता. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आणि खांदेरी दोन्ही आहेत.

एका साच्यातून निघालेल्या मावळ्यांचा चेहरा एकच असतो. त्यातला नूर बेग कोणता, हे ओळखता येत नाही. लहानपणी आमच्यापैकी कुणी ते विचारलेही नाही. आता वर्गात मुले विचारतात, तेव्हा मी बखरीतली ती नोंद वाचून दाखवतो.

माझ्याकडे एक मावळा उरला आहे. भाला मोडलाय, मिशीचा रंग उडालाय. बुडाशी ओल्या मातीत दाबलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. करणाऱ्याची सही म्हणायची तर तेवढीच. यंदा मावळे घ्याल तेव्हा ते कुणी केले, एवढे विचारा आणि नाव लिहून ठेवा.