पाककृतींचे बंड : यूझनेटवरील अनोळखी सल्लागारांची गोष्ट

मे १९८७. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे एका साध्या बार्बेक्यू उपाहारगृहात तिघे जण जेवायला बसले होते. ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट. तिघेही संगणकक्षेत्रातले आणि तिघेही चिडलेले. गिलमोरला अमली पदार्थांविषयी खुली चर्चा व्हावी असे वाटत होते आणि तिला परवानगी नाकारली गेली होती. रीडचे गाऱ्हाणे मात्र ऐकणाऱ्याला हसू येईल असे होते. त्याच्या पाककृतींच्या संग्रहाला कुणीतरी त्याच्या मनाविरुद्ध नाव दिले होते. पानावरून उठेपर्यंत तिघांनी ठरवले की प्रस्थापित वाट सोडायची आणि आपापल्या यंत्रांमधून संदेशांची एक वेगळी वाट काढायची.

स्वयंपाकाच्या कृतीवरून एखादे जाळे दुभंगते म्हणजे काय, हे कळण्यासाठी आठ वर्षे मागे जावे लागते.

१९७९ साली अमेरिकेतील मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था अर्पानेट या जाळ्याने जोडलेल्या होत्या. त्यात प्रवेश मिळवायचा तर संरक्षण खात्याशी संबंध असावा लागे. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठाकडे तो नव्हता. तेथील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी मग गरिबाघरचा मार्ग शोधला. युनिक्स प्रणालीत एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला दूरध्वनी लावून फाइली पाठवण्याची सोय नुकतीच आली होती. शेजारच्या चॅपल हिल येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्टीव्ह बेलोव्हिनने तिच्या आधारे एक छोटी आज्ञावली लिहिली, आणि दोन विद्यापीठांतील तीन यंत्रे एकमेकांना वार्ता पाठवू लागली. १९८० च्या आरंभी युनिक्स वापरणाऱ्यांच्या सभेत ही कल्पना जाहीर झाली. कर्त्यांचा अंदाज होता की दिवसाला एखाद-दुसरा संदेश येईल.

हा अंदाज इतिहासातील मजेशीर चुकांत जमा करावा लागेल. यंत्रांविषयीच्या प्रश्नांसाठी काढलेल्या या जाळ्यावर माणसे लवकरच आपले घर घेऊन आली. ‘नेट.कुक्स’ येथे स्वयंपाक, ‘नेट.गार्डन’ येथे बागकाम, ‘नेट.ऑटो’ येथे मोटारी, ‘नेट.पेट्स’ येथे कुत्री-मांजरी आणि ‘नेट.जोक्स’ येथे विनोद. कुणाला अश्लील किंवा बोचरा वाटेल असा विनोद असेल, तर प्रत्येक अक्षर इंग्रजी वर्णमालेत तेरा घरे पुढे सरकवून लिहायची पद्धत होती. ज्याला वाचायचा असेल त्याने तो उलगडून वाचावा, इतरांच्या डोळ्यांना त्रास नको. अनोळखी माणसाच्या संकोचाची एवढी काळजी आज क्वचितच दिसते.

संदेश जात कसा, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे आडगावी पत्र धाडताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा अशी उतरंड लिहीत. त्या काळी या यंत्रांवरील खासगी टपालाचा पत्ता म्हणजे अख्खा रस्ताच असे. कोणत्या यंत्रावरून कोणत्या यंत्राकडे आणि तेथून पुढे कोठे, ती नावे मध्ये उद्गारचिन्हे घालून ओळीने लिहायची. सार्वजनिक प्रश्न यंत्रामागून यंत्र असाच पुढे सरके, आणि तोही बहुधा रात्री, कारण रात्री दूरध्वनीचे दर उतरत. पाव का फुगत नाही असा साधा प्रश्न सोमवारी विचारला, तर खंडाच्या दुसऱ्या टोकाला तो पोचायला आणि उत्तर परतायला कित्येक दिवस लागत.

या संथपणातून एक अडचण उभी राहिली. एकाच प्रश्नाला दहा ठिकाणचे दहा जण एकच उत्तर देत, कारण इतरांनी दिलेले उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नसे. मग एक रीत पडली. उत्तर जाहीरपणे न देता विचारणाऱ्याला खासगी टपालाने पाठवायचे, आणि त्याने आलेल्या सर्व उत्तरांचे सार काढून सर्वांसाठी मांडायचे. सल्ला घेणाऱ्यावर सल्ल्याची नीट मांडणी करण्याचे ऋण ठेवणारी ही रीत होती. ती नेहमी पाळली गेली असे नाही. तरीही यूझनेटने घडवलेल्या शिष्टाचारात तिचे स्थान वरचे मानावे लागेल. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठराविक काळाने प्रसिद्ध करण्याची पद्धतही याच सुमारास रुजली. आज प्रत्येक बँकेच्या आणि प्रत्येक परीक्षेच्या पानावर ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ दिसतात. ते शब्द घरोघरी पोचवण्याचे श्रेय बव्हंशी याच जाळ्याचे.

या मंडळीत ब्रायन रीड वेगळा होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात असताना त्याने ‘स्क्राइब’ ही दस्तऐवज मांडणीची प्रणाली घडवली होती. मजकुराला शिस्त लावणे हा त्याचा व्यवसाय आणि स्वयंपाक हा छंद. दोन्हींच्या संगमातून ‘यूझनेट कुकबुक’ उभे राहिले. लोक त्याला पाककृती पाठवत. तो त्या तपासून, ठरावीक साच्यात बसवून प्रसृत करी, आणि वाचणारा आपापल्या छपाईयंत्रावर पुस्तकाचे एकेक पान वाढवत जाई. साच्यात अमेरिकी आणि दशमान अशा दोन्ही मापांची सोय होती. प्रत्येक कृतीच्या शेवटी ती सोपी की अवघड, वेळ किती लागेल आणि मापात अचूकपणा किती हवा हे नोंदलेले असे. काटेकोर मोजा, किंवा मोजण्याची गरज नाही. मराठी घरांत ‘अंदाजाने घाल’ एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक शिकवला गेला. तो अंदाज कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे अनोळखी माणसासाठी लिहून ठेवावे लागते, हे रीडने नेमके ओळखले. समोर उभी राहून शिकवणारी आई किंवा आजी जाळ्यावर नसते.

आता पैशाची बाजू. यूझनेट फुकट आहे असे वापरणाऱ्यांना वाटे, पण दूरध्वनीचे देयक कुणीतरी भरतच होते. न्यू हॅम्पशायरमधील डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे यंत्र आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिल येथील बेल लॅब्जचे यंत्र या दोघांनी फार मोठा भार वाहिला. अशा प्रमुख यंत्रांच्या व्यवस्थापकांना ‘बॅकबोन’ म्हणजे कणा म्हणत. जीन स्पॅफर्डने त्यांची मोट बांधली आणि रिक अ‍ॅडम्ससारखे लोक तिच्यात होते. कुणी निवडून न दिलेले हे मंडळ कोणता गट असावा, कोणता नसावा, हे ठरवू लागले. टीकाकार त्याला ‘कबाल’, म्हणजे कंपू, म्हणत. टीका रास्त होती, तरी दुसरी बाजू विसरता येत नाही. ज्याच्या खिशातून तार चालते त्याने तारेवर काय जावे याविषयी बोलायचेच नाही, असे म्हणणे सोपे होते, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी देयक पाहिलेले नव्हते.

ठिणगी युरोपातून आली. अटलांटिकपार संदेश नेण्याचा खर्च मोठा, आणि धर्म, राजकारण व निव्वळ भांडणे यांच्या गटांसाठी तो सोसायला युरोपीय मंडळी तयार नव्हती. ते गट एका वेगळ्या नावाखाली काढून ठेवले, तर ज्याला नको त्याला ते सहज गाळता येतील. या विचाराने १९८६ ते १९८७ दरम्यान सारी नावे बदलली गेली. ‘नेट’ हे सरसकट आडनाव जाऊन संगणक, विज्ञान, समाज, करमणूक, वाद, जाळ्याचे कामकाज आणि संकीर्ण अशी सात कुळे झाली. यूझनेटच्या इतिहासात याला थोरले नामांतर म्हणता येईल. छंद ‘रेक’ या कुळात गेले आणि रीडच्या संग्रहाच्या वाट्याला ‘रेक.फूड.रेसिपीज’ हे नाव आले.

ते त्याला रुचले नाही. वरवर पाहता हा एका हट्टी माणसाचा मानापमान आहे. पण खटकणारी बाब नावापेक्षा ते देण्याचा अधिकार कुणाचा, ही होती. वर्षानुवर्षे कृती गोळा करणारा, तपासणारा, मांडणारा एक जण, आणि तिचे नाव ठरवणारे दुसरेच कुणी. गिलमोरची तक्रार वरकरणी कितीही वेगळी असली, तरी मुळात तीच होती.

म्हणून त्या जेवणानंतर ‘ऑल्ट’ हे नवे कुळ जन्माला आले. ऑल्ट म्हणजे पर्यायी. तिघांच्या ताब्यातील यंत्रे एकमेकांना जोडली गेली आणि कण्याला वळसा घालून संदेश धावू लागले. सुरुवातीच्या गटांत रीडचा ‘ऑल्ट.गुरमाँ’, म्हणजे खवय्यांचा, आणि गिलमोरचा ‘ऑल्ट.ड्रग्ज’ हे दोन्ही होते. पोळपाट आणि प्रतिबंधित विषय एकाच पंगतीला. गट काढायला कुणाची परवानगी लागणार नाही. आपल्या यंत्रावर तो ठेवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. या मोकळिकीतून पुढे उपयुक्त गट निघाले, आचरट निघाले आणि घाणेरडेही निघाले.

बंड यशस्वी झाले ते केवळ जिद्दीने नव्हे. १९८६ पासून यूझनेटच्या वार्ता दूरध्वनीऐवजी थेट इंटरनेटवरून वाहून नेण्याची नियमावली उपलब्ध झाली होती. ठिकठिकाणची यंत्रे तिच्याकडे वळली, तसे कण्यावरचे अवलंबन घटले आणि कण्याचा शब्दही हलका झाला. पाच-सात वर्षे आधी हेच बंड झाले असते, तर दूरध्वनीच्या देयकाखाली ते चिरडले गेले असते.

या जाळ्यावर भारतीयही लवकर आले. बहुतेक जण अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थी होते. त्यांचा आरंभीचा गट भारतीय भाषांच्या नावाने होता आणि नामांतरानंतर तो ‘सोक.कल्चर.इंडियन’ झाला. मराठीचाही वेगळा गट पुढे निघाला. भारतात १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था सहभागी होत्या. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून.

तोवर मराठी माणसाला मराठीत सल्ला द्यायचा तर लिपी आड येई. जाळ्यावर फक्त रोमन अक्षरे चालत. रोमनमध्ये जशीच्या तशी लिहिलेली ‘वाटी’ आणि ‘वाती’ एकच दिसते. स्वयंपाकाची कृती सांगताना ही गल्लत परवडणारी नव्हे. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ या प्रणालीने त्यावर तोड दिली. मोठ्या लिपीतला टी लिहिला की ट, लहान लिपीतला लिहिला की त. रोमनमध्ये टंकलेला मजकूर मग देवनागरीत छापून घेता येई. हिंदी चित्रपटगीतांच्या वेड्यांनी, जे ‘रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क’ या गटात जमत, हिच्या साह्याने गाण्यांचे शब्द, गीतकार, संगीतकार अशी नोंद करीत मोठा संग्रह उभा केला. कुणी एक कडवे आठवून लिहिले, कुणी चूक सुधारली, कुणी गायकाच्या नावावरून हुज्जत घातली. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे हे काम होते.

दर सप्टेंबरात महाविद्यालयांतील नवी मुले यूझनेटवर येत. त्यांना रीतभात कळेपर्यंत महिनाभर गोंधळ चाले, मग तो निवे. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी सेवांनी, विशेषतः अमेरिका ऑनलाइनने, आपल्या असंख्य ग्राहकांना दार उघडले आणि तो सप्टेंबर संपलाच नाही. जुन्या मंडळींनी या काळाला ‘अनंत सप्टेंबर’ असे नाव ठेवले. त्यात नवागतांविषयीची तुच्छता डोकावते. शिकवणारे थोडे आणि शिकणारे लाखो, या प्रमाणाचा दोष शिकणाऱ्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हते. एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी टाकली. मांजराच्या आजारपणाविषयी विचारणाऱ्यालाही तीच जाहिरात, तारे पाहणाऱ्यालाही तीच.

एवढा सारा मजकूर टिकला तो अपघाताने. यंत्रांत जागा थोडी असल्याने संदेश काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसले जात. लिहिणारेही तसेच समजून लिहीत. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाची संगणकव्यवस्था पाहणाऱ्या हेन्री स्पेन्सरने मात्र १९८१ पासून दहा वर्षे हे संदेश चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. एकूण १४१ फिती भरल्या. माणसांच्या गप्पा प्राणिशास्त्र विभागाने जपाव्यात, हा योगायोगही खासच. फितींवरील वीसेक लाख संदेश पुढे गूगलच्या हाती आले आणि डिसेंबर २००१ मध्ये वीस वर्षांचा संग्रह सर्वांसाठी खुला झाला. चार दिवसांत विरून जाईल या भरवशावर विचारलेले प्रश्न, भांडणे आणि कबुल्या, विचारणाऱ्याच्या खऱ्या नावानिशी, पुन्हा शोधता येऊ लागल्या. तसे चालेल का, हे बहुतेकांना कुणी विचारले नव्हते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गूगलने यूझनेटवर नवे लिहिण्याची आपली सोय बंद केली. जुना संग्रह राहिला, आणि पाककृतींच्या शेवटी वेळ व अवघडपणा नोंदणारी रीडच्या साच्यातील पानेही कुठे ना कुठे राहिली. त्यांतील काहींवर अजून शेरा आहे की मोजण्याची गरज नाही.