उरलेल्या लोकरीचा हत्ती

इतिहासाच्या व्याख्यानमालेत लोकरीचा हत्ती कुठून आला, असं काहींना वाटेल. किल्ले झाले, बंदरं झाली, आता हे काय? पण कर्जत, नेरळ, खोपोली या भागातल्या एखाद्या जुन्या घरात जा. दर्शनी खोलीतल्या काचेच्या कपाटात, चांदीच्या गणपतीशेजारी, एखादा विणलेला ससा किंवा हत्ती बसलेला असतो. एक कान एका रंगाचा, दुसरा दुसऱ्याच. सोंड जरा वाकडी. तो कुणी, केव्हा, कशासाठी विणला हे विचारलं की घरातले लोक हसतात आणि म्हणतात, 'असंच, वेळ होता म्हणून.' आजचं आमचं सगळं बोलणं या 'असंच'बद्दल आहे. वेळ कुणाला होता आणि लोकर कुठून उरली, हे दोन प्रश्न धरून बसलं तर या दोन तालुक्यांचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास हाताला लागतो.

आधी पुराव्याची अडचण सांगतो. प्राण्यांच्या आकाराच्या वस्तू महाराष्ट्रात फार जुन्या आहेत. १९७४ साली दायमाबादला हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ अशा धातूच्या चार प्रतिमा सापडल्या. त्या खेळणी होत्या की पूजेच्या वस्तू, यावर वाद आहे. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या पुढे जातं, तेव्हा कुठल्या पोराने ते अंगणात ओढले असतील असं आम्हाला काही वाटत नाही. पण मुद्दा असा की धातू टिकला, भाजलेली माती टिकली, सावंतवाडीचं लाकूड टिकलं. कापड आणि लोकर टिकत नाही. चिंध्यांची बाहुली घराघरात होती हे सगळ्यांना माहीत आहे, पण शंभर वर्षांपूर्वीची एक दाखवा म्हटलं तर पंचाईत. लोकरीचं तर आणखी वाईट, कारण लोकर उसवता येते. हत्ती नकोसा झाला की त्याचा पुन्हा गुंडा होतो आणि गुंड्याचे मोजे. ज्याचा पुरावा आपणच उसवून टाकतो, त्याचा इतिहास लिहायचा कसा?

तर आजूबाजूच्या गोष्टींवरून लिहायचा. पहिली गोष्ट लोकर.

कर्जत-खालापूर हा भाताचा, धो धो पावसाचा मुलूख. इथल्या डोंगरांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत, पण त्यांचं जनावर म्हणजे मुख्यतः म्हैस आणि गाय. मेंढरं येतात ती देशावरून. पावसाळा सरला की धनगर कळप घेऊन घाट उतरतात, खत मिळावं म्हणून शेतकरी ती शेतात बसवून घेतात आणि पावसाआधी कळप परत वर जातात. शिवाय दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिचं घोंगडं उत्तम होतं, पावसात घोंगडी पांघरून चिखलणी करता येते, पण त्या लोकरीचा ससा करून तान्ह्या बाळाच्या गालाला लावाल तर बाळ रडेल. म्हणजे मऊ लोकर इथली नव्हे. ती बाहेरून आली आणि येण्यासाठी तिला वाट लागली.

ती वाट रेल्वेची. कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतची गाडी १८५६ साली सुरू झाली. बोरघाट अजून फोडायचा होता, त्यामुळे काही वर्षं पुण्याकडे जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा आणि घाट पालखीने, घोड्यावर नाहीतर पायी चढायचा. १८६३ साली घाटातला मार्ग खुला झाला, मुख्य रस्ता कर्जतवरून गेला आणि खोपोली फाट्यावर पडली. आजही ती फाट्यावरच आहे: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. वर माथेरान १८५० पासून साहेबांचं थंड हवेचं ठिकाण झालेलं होतं. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली. कानपूरची 'लाल इमली', पंजाबातलं धारिवाल या लोकरीच्या गिरण्या १८७६ ते १८८० च्या सुमाराच्या. रूळ आणि गिरण्या अशा एकाच पिढीत उभ्या राहिल्या.

दुसरी गोष्ट हात. 'विणणे' हा शब्द आपल्याकडे जुनाच. खाट विणतात, जाळं विणतात, बुरूड टोपली विणतो, कोष्टी लुगडं विणतो. पण दोन सुयांवर टाके चढवून एकाच धाग्याचं कापड करायचं, ही वेगळी विद्या आहे. तिचे जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेल्या सुती मोज्यांत दिसतात. अरबांकडून ती स्पेनमध्ये आणि पुढे युरोपभर गेली. आपला 'मोजा' हा शब्दही फारसी आहे, यावरून काय ते ओळखा. मराठी घरांत ही विद्या आली ती मात्र इंग्रजी अमदानीत, मिशनच्या मुलींच्या शाळांतून आणि मडमांकडून. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची पहिली शाळा १८२४ मध्ये काढली. या शाळांत वाचनाइतकंच सुईकामाला महत्त्व असे. पुढे पुण्यात सेवासदन १९०९ ला निघालं आणि शिवण-टिपण ही मध्यमवर्गीय बाईला शोभणारी, वेळ पडल्यास चार पैसे देणारी गोष्ट ठरली. किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० चं. ते हातात पडेपर्यंत विणकाम शिकायला शाळेत जायची गरज उरली नव्हती. मावशीकडून, जावेकडून, शेजारणीकडून ते चाललं होतं.

इथे भाषेची एक गंमत सांगायलाच हवी. नमुने इंग्रजी पुस्तकांतले, पण बायकांनी त्यांचं मराठी असं केलं की मूळ कुणाला आठवू नये. सुलट टाका, उलट टाका. टाके घालणे, वाढवणे, घटवणे, बंद करणे. ओळीला अनेक जणी 'सुई'च म्हणतात: 'दहा सुया झाल्या की एक टाका कमी कर.' कुठल्याही परिभाषा समितीने हे शब्द ठरवलेले नाहीत आणि ते समितीपेक्षा बरे झालेत. एकच साहेबी गोष्ट तशीच राहिली, ती सुयांचे नंबर. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबरची चार मिलिमीटरची, दहा नंबरची सव्वातीन. विलायतेने ती पद्धत कधीच सोडली, आपल्या डब्यांत ती अजून आहे.

आता हत्तीकडे येऊ. हत्तीला विणकाम कठीण नाही, हिशेब कठीण आहे. स्वेटरला वापरता त्याहून बारीक सुया घ्याव्या लागतात, नाहीतर विणीच्या फटींतून आतला कापूस बाहेर बघतो. पोट गोल हवं म्हणून ठरावीक अंतराने टाके वाढवायचे, पुन्हा घटवायचे. सोंड म्हणजे टाके कमी कमी करत नेलेली नळी. चार सुयांवर, मोज्यासारखी गोल विणली तर तिला शिवण लागत नाही. पायही नळ्याच. ज्या बाईला मोज्याची टाच वळवता येते तिला हत्ती येतो, एवढं साधं गणित. भरताना हात आखडता घ्यायचा, ठासून भरलेला हत्ती लाकडासारखा होतो. आमच्या या भागात भरायला सावरीचा कापूस असे. काटेसावर इथल्या रानात फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलते, उन्हाळ्यात तिची बोंडं फुटतात, आणि तोच कापूस उशांतही जाई. म्हणजे कातडं पंजाबचं, हाडं साहेबाची आणि पोट कर्जतच्या जंगलाचं, असा हा प्राणी. डोळे काळ्या धाग्याने भरायचे. बटण किंवा मणी लावायचा नाही, कारण मूल तो तोंडात घालतं.

मऊ प्राण्यांच्या खेळण्यांचा जागतिक इतिहाससुद्धा हत्तीपासूनच सुरू करतात, हे कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. जर्मनीतल्या गींगेन गावात मार्गारेट श्टाइफ नावाची बाई फेल्टचे कपडे शिवायची. लहानपणीच्या पोलिओमुळे ती चाकाच्या खुर्चीत असे. १८८० मध्ये तिने टाचण्या खोचायला एक छोटा हत्ती केला. टाचण्या राहिल्या बाजूला, पोरांनी हत्ती पळवला. टेडी अस्वल त्यानंतर बावीस वर्षांनी, १९०२ चं. आणि विणलेल्या प्राण्यांना खरा भर आला तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर आणि लोकरीवर रेशन आलं, दुकानांतली खेळणी आटली, तेव्हा आयांनी जुने स्वेटर उसवून ससे आणि अस्वलं विणली. तुटवड्यातून खेळणं जन्मतं ते असं.

आपल्याकडे तुटवडा हा नेहमीचाच. कर्जतची थंडी मुंबईपेक्षा कडक, त्यामुळे बाळासाठी टोपडं, मोजे, स्वेटर हवाच. मूल वाढलं की स्वेटर उसवायचा, लोकरीच्या लड्या करून धुवायच्या, कुरळेपणा जावा म्हणून ओल्याच वजन लावून टांगायच्या, मग गुंडे. दुसऱ्या बाळाला तीच लोकर, त्यात नव्या रंगाची भर. एवढं होऊन जो मूठभर गुंडा उरतो, ज्यात कुणाचाच बाहीसुद्धा होत नाही, त्याचा हत्ती. म्हणून त्याचे कान वेगळ्या रंगांचे! कॅशमिलॉन आलं, लुधियानाची ॲक्रिलिक लोकर रंगीबेरंगी आणि स्वस्त मिळू लागली, तेव्हा खेळण्यासाठी म्हणून मुद्दाम लोकर आणणं परवडू लागलं. हत्तीचे दोन्ही कान एका रंगाचे दिसले तर तो अलीकडचा समजा. आमची ही कसोटी शास्त्रीय नाही, पण फारशी फसवतही नाही.

लोकरीचं झालं. वेळेचं राहिलं, आणि तेच जास्त अवघड आहे.

खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. स्वातंत्र्यानंतर खोपोली-खालापूर पट्ट्यात कागद, पोलाद, नळ्या, रसायनं असे कारखाने आले आणि त्यांच्या वसाहती आल्या. वसाहतीत नळाचं पाणी, वीज, नवऱ्याची ठरलेली पाळी. म्हणजे बाईला दुपार मिळाली. दुपारी दोन ते चार हा विणकामाचा काळ. त्याच वेळी दोन मैलांवरच्या पाड्यात कातकरी बाई लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरत होती किंवा वीटभट्टीवर होती, आणि कुळवाडी बाई आवणीत वाकलेली होती. तिच्या मुलाकडे खेळणं नव्हतं असं नाही. करवंटी होती, बांबूची पिपाणी होती, चिंचोके होते. पण विणलेला हत्ती नव्हता, कारण त्याला लागणारी दुपार तिच्याकडे नव्हती. विणकामाचा 'स्त्रियांची कला' म्हणून सरसकट गौरव होतो तेव्हा आम्हाला हे टोचतं. कुठल्या स्त्रिया, हे विचारायला नको का?

मग कारकुनी नोकऱ्या करणाऱ्या बायका आल्या आणि दुपारही गेली. विणकाम गाडीत गेलं. मुंबईच्या मुख्य टोकापासून कर्जत १०० किलोमीटर, खोपोली त्याच्या पुढे सुमारे पंधरा. जायला दोन तासांच्या आसपास, यायला तेवढेच. महिलांच्या डब्यात मटार सोलले जातात, भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं आणि बसायला मिळालं तर सुया निघतात. गर्दीत स्वेटरची पाठ पसरता येत नाही, पण सोंड विणता येते, कान विणता येतो. हत्ती लहान लहान तुकड्यांचा असल्यामुळे तो लोकलला सोयीचा. अलीकडे सुयांऐवजी क्रोशाची एकच आकडी जास्त दिसते, आणि जपानी पद्धतीच्या 'अमिगुरुमी' बाहुल्या. मुली त्या मोबाइलवर बघून शिकतात. पद्धत बदलली, वेळ तोच, गाडीतला.

आणि आता पाड्यांवर, बचत गटांतही हे काम शिकवलं जातं. चांगली गोष्ट आहे, पण हिशेब मांडून बघा. वीतभर उंचीच्या हत्तीला हात बसलेल्या बाईचे दहा-बारा तास सहज जातात. तासाला पन्नास रुपये धरले तरी पाचशे-सहाशे झाले, लोकर आणि भरण वेगळं. शनिवार-रविवारी कर्जतच्या फार्महाऊसला येणारा पाहुणा तो हातात घेऊन म्हणतो, 'लोकरीचा तर आहे!' वसाहतीतल्या बाईने हत्ती फुकट विणला, कारण तिचं पोट त्यावर नव्हतं. तिने नकळत पाडून ठेवलेला भाव आज पाड्यावरच्या बाईला मिळतो. कुणी वाईट वागलं म्हणून हे झालेलं नाही, आणि म्हणूनच ते सुधारणं कठीण आहे.

त्यात कायद्याची बाजू आहे. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्र सरकारचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. प्रयोगशाळेची चाचणी एका बाईला कशी परवडणार? म्हणून केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट दिली गेली. सूट आहे, पण नोंद करणाऱ्याला. आणि नोंद करायची तर आधी 'मी कारागीर आहे' असं म्हणावं लागतं. ज्या कामाला तीन पिढ्या आपण 'असंच, वेळ होता म्हणून' म्हणत आलो, ते काम करणाऱ्या बाईने अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं?

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरात असा प्राणी असेल तर तो धुण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कुणी विणला, कुठल्या स्वेटरची लोकर, कुठल्या साली, आत सावरी आहे की दुसरं काही, हे सांगणारं माणूस हयात असेल तर आजच विचारा, आणि चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कापडात गुंडाळून हत्तीच्या पोटात शिवून टाका. आता प्रश्न असतील तर घेऊ.